तुरळक म्हणजे थोडा नव्हे

वैशाखात परभणीचं काळं रान भेगाळलं की माणूस आभाळाकडे बघायला लागतो. दिवसभर अंग भाजतं. दुपारी चारच्या सुमाराला ढग चढतात, धुळीची वावटळ उठते, आखाड्यावरचे पत्रे उडतात, कुठे तरी इज पडते. आणि सकाळीच मोबाईलवर येऊन पडलेलं असतं: तुरळक ठिकाणी वादळी पाऊस.

आज या एकाच शब्दाबद्दल लिहायचं आहे. तुरळक.

आपण त्याचा अर्थ थोडासा असा घेतो. चार शिंतोडे येतील आणि जातील. ताडपत्री उद्या काढू, हळद अंगणातच राहू द्या. पण हवामान खात्याच्या भाषेत हा शब्द पावसाचं माप सांगत नाही, ठिकाणांची संख्या सांगतो. ज्या भागाचा अंदाज दिला, त्यातल्या फार तर पाव हिश्श्याच्या केंद्रांवर पाऊस होईल, एवढाच त्याचा अर्थ. तिथे तो किती कोसळेल, हे त्या शब्दात नाही. दोनशे मिलिमीटर पडला तरी ठिकाण तुरळकच. जिंतूर कोरडं राहतं, पाथरी वाहून जाते, अंदाज बरोबर ठरतो आणि शेतकरी बुडतो.

चूक वाचणाऱ्याची नाही. घरात, बाजारात, बांधावर तुरळक म्हणजे थोडकंच. ज्याच्यासाठी इशारा लिहिला, त्याला तो उलटा कळत असेल तर लिहिणाऱ्यानं शब्द बदलला पाहिजे.

दुसरा शब्द मिलिमीटर. चोवीस तासांत 65 मिलिमीटरच्या वर पडला की महसूल मंडळात अतिवृष्टी धरतात. 65 हा आकडा ऐकून कुणाच्या काळजात धस्स होत नाही. तोच असा सांगा: एका एकरात 2 लाख 60 हजार लिटर पाणी, म्हणजे दहा हजार लिटरचे 26 टँकर एका एकरात रिकामे झाले. परभणीकराला टँकर कळतो. उन्हाळ्यात त्यानं तो मोजून घेतलेला असतो. आपली जमीन सपाट आणि चिकण. भेगा एकदा मिटल्या की पाणी आत जिरत नाही, सोयाबीनच्या मुळाशी उभं राहतं.

तिसरा शब्द सरासरी. एप्रिलच्या मध्याला देशाचा अंदाज येतो, सरासरीच्या इतके टक्के. आपल्या जिल्ह्याची पावसाळ्याची सरासरी साडेसातशे मिलिमीटरच्या आसपास. ती भरली म्हणजे वर्ष चांगलं गेलं, असं कागद म्हणतो. 2024 च्या सप्टेंबरात पहिल्या दोन दिवसांतच पावसानं जिल्हा झोडपून काढला. त्या पावसानं सरासरीत भर घातली आणि उभं पीक झोपवलं. चार महिन्यांचा पाऊस चार दिवसांत आला तरी सरासरी तीच राहते. शेत राहत नाही.

चौथा शब्द क्युसेक. 2025 च्या सप्टेंबरअखेर पैठणच्या जायकवाडी धरणातून तीन लाख क्युसेकच्या घरात पाणी सुटलं. सेकंदाला सुमारे 85 लाख लिटर. त्याला माजलगावकडून सिंदफणेचं पाणी मिळालं. ढालेगाव, तारुगव्हाण, मुदगल असे बंधारे ओलांडत गोदावरी पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम, पूर्णा या तालुक्यांच्या काठावर पसरली. गोदावरी तुंबली की पूर्णा नदीला आणि ओढ्यानाल्यांना वाट मिळत नाही, फुगवटा मागे सरकतो आणि नदीपासून लांब असलेलं रानही पाण्याखाली जातं. विसर्गाचा आकडा गावोगाव पोचला होता. पण तीन लाख क्युसेक म्हणजे माझ्या आखाड्यात गुडघाभर की छातीभर, आणि किती वाजता, हे त्या आकड्यात नव्हतं. पैठणहून निघालेलं पाणी गंगाखेडला यायला कितीतरी तास घेतं. तेवढा वेळ हातात असतो. गोठ्यातली दावी सोडायला तो पुरतो. तो आकड्याचा अर्थ लावण्यात गेला तर जनावर खुंट्यालाच राहतं.

जगात जर्मनी अन् भारतात परभणी, असं आपण अभिमानानं म्हणतो. मग जर्मनीकडून हेही घ्या. 2021 च्या जुलैत तिथल्या आर नदीच्या खोऱ्यात एका रात्रीत पाणी चढलं. त्या पुरात जर्मनीत 180 हून अधिक माणसं गेली. एवढा श्रीमंत देश, उपग्रह आहेत, रडार आहेत, इशारे काही दिवस आधीपासून दिलेले होते. पण माणसाला ऊठ, वर जा, आत्ता जा, असं वेळेवर सांगणारं कुणी दारात आलं नाही. अंदाज होता, निरोप नव्हता. परभणीचं दुखणं नेमकं हेच आहे.

पावसाचे अंदाज सांगणाऱ्या, सेलू तालुक्यातल्या गुगळी धामणगावच्या पंजाबराव डखांचं लोक का ऐकतात, याचं उत्तरही इथंच आहे. कित्येक दिवस आधी तारीखवार पाऊस सांगता येत नाही, हे शास्त्राचं म्हणणं मला मान्य आहे. पण डख शेतकऱ्याच्या बोलीत बोलतात, काढणी उरकून घ्या म्हणतात. लोक त्या बोलण्याला बांधले जातात. त्यांच्यावर टीका करून शास्त्र गावात शिरणार नाही. शास्त्रानं तसं बोलायला शिकलं तर शिरेल.

आणि आपल्याकडे ते जमलेलंही आहे. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, हा सल्ला आज साध्यातला साधा शेतकरी तोंडपाठ सांगतो. 1972 पासून परभणीत उभं असलेलं कृषी विद्यापीठ मंगळवारी आणि शुक्रवारी हवामानाचा सल्ला मराठीत काढतं. आकडा आणि त्यासोबत कृती, एवढं केलं की वाक्य गावात रुजतं. पेरणीला जे केलं, ते पुराला आणि विजेला करा.

म्हणून मागणं मोठं नाही. तुरळक ठिकाणी असं लिहू नका. लिहा की पाऊस थोड्याच गावांत पडेल, पण जिथे पडेल तिथे झोडपून पडेल, आणि ते गाव तुमचं असू शकतं. विजेचा इशारा असेल तर पुढे लिहा की झाडाखाली थांबू नका, शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास बाहेर पडू नका. विसर्ग वाढला की कोतवालाला दवंडी द्यायला लावा, देवळाचा भोंगा वापरा. मोबाईलला रेंज नसते आणि आखाड्यावर झोपलेल्या म्हाताऱ्याकडे मोबाईलही नसतो. पालम तालुक्यात लेंडी नदी भरली की फळा, आरखेड, उमरथडी यांचा रस्ता तुटतो, हे दर पावसाळ्यात दिसतं. तिथलं औषध, धान्य आणि अवघडलेल्या बाईची सोय मृगाच्या आधी करायची, नदी भरल्यावर नाही.

शेवटचं काम गावानं स्वतः करायचं. 2025 च्या पाण्याची रेघ अजून कुठे भिंतीवर, कुठे देवळाच्या पायरीवर, कुठे विजेच्या खांबावर दिसत असेल. एक पावसाळा गेला, एकदा चुना मारला की ती पुसली जाईल. त्याआधी लाल रंगाचा डबा आणा. त्या रेघेवर पट्टा ओढा आणि शेजारी लिहा, इतके क्युसेक सुटले तेव्हा पाणी इथं आलं. मग पुढच्या वेळी आकडा आला की कुणाला विचारावं लागणार नाही. लहान पोरगंही भिंतीकडे बोट दाखवून सांगेल, दावी सोडा.

पाऊस यायला थोडे दिवस उरलेत. रंगाचा डबा या आठवड्यातच आणा.