माहितीस्तव, १२ एमबी

स्वच्छता पंधरवड्याचं परिपत्रक निघालं. मजकूर तीन ओळींचा. पण नुसता टाइप करून धाडला तर त्याला सरकारी कोण म्हणणार? प्रिंट काढली, सही झाली, शिक्का बसला, रंगीत स्कॅन झालं: १२ एमबी. मेलला जोडलेली फाइल वाटेत एक-तृतीयांशानं फुगते, म्हणजे १६. ती ‘माहितीस्तव व योग्य त्या कार्यवाहीस्तव’ खाली ढकलली चाळीस जणांना. तीन ओळींनी ६४० एमबी जागा खाल्ली आणि स्वच्छता सुरू झाली.

इकडे गुरुकुंज मोझरीच्या एका शेतकऱ्यानं त्याच कार्यालयाला मेलनं धाडलेला सातबारा दुरुस्तीचा अर्ज परत येऊ लागला. “सायेब, माहा अर्ज काहून वापस येऊन रायला?”

कारण सर्व्हरनं लिहूनच दिलं होतं: ५.२.२, पेटी भरली. हाच आकडा ४ नं सुरू झाला तर अर्थ ‘थांबा, पुन्हा पाहू’. ५ नं सुरू झाला तर ‘येऊच नका’. अख्ख्या कार्यालयात अर्जाला तत्काळ, लेखी आणि कारणासह उत्तर देणारा हा एकटाच कर्मचारी. त्याला पदोन्नती मिळणार नाही.

“बाप्पा, म्या तं सारंच पुसलं!” त्या पेटीचे बाबू म्हणाले. खरंच पुसलं होतं. इनबॉक्समधून कचरापेटीत. कचरापेटी रिकामी होईस्तोवर तिचं वजनही पेटीच्या जागेच्या कोट्यातच धरतात, हे त्यांच्या टेबलाच्या कार्यकक्षेत येत नसावं. अंगणातला केर परसात लोटायचा आणि अहवालात अंगणाचा फोटो लावायचा. ग्रामगीतेत ग्रामशुद्धीवर अख्खा अध्याय लिहिणाऱ्या तुकडोजी महाराजांनी ज्या गावात १९३५ साली आश्रम उभारला, त्या गावच्या अर्जाला हे उत्तर!

उपाय ठरला: कोटा वाढवून मागायचा. १ एप्रिल २००४ ला जीमेलनं एक जीबी देऊ केली, तेव्हा बाकीचे दोन-चार एमबीवर भागवत होते. लोकांना ती एप्रिल फूलची थाप वाटली. आज १५ जीबीही पुरत नाही. साहेबांचा प्रस्ताव तयार आहे, सहीशिक्क्यासह, रंगीत स्कॅन.

तोवर एक करा. परत आलेल्या मेलवर तारीख, वेळ आणि कारण छापलेलं असतं. त्याची प्रिंट काढा, अर्जाला जोडा आणि आवक-जावक टेबलावर दोन्हींवर शिक्का मारून घ्या. त्या रजिस्टरला अजून कोटा लागलेला नाही.