पेटीची उंची

'तक्रार' या शब्दात जोडाक्षर आहे. जूनमध्ये पहिलीत बसलेलं बारामतीच्या जळोचीतलं पोर दिवाळीपर्यंत काना-वेलांटीशीच झटत असतं. जोडाक्षरांना अजून अवकाश असतो. आणि त्याच्या सुरक्षेसाठी आपण शाळेत लावतो काय, तर तक्रारपेटी. कुलूपबंद, मोठ्या माणसाच्या छातीइतक्या उंचीवर.

पेटीला माझा विरोध नाही. सप्टेंबर 2024 च्या अखेरीस बारामतीत एका महाविद्यालयाच्या आवारात विद्यार्थ्याचा खून झाला. त्यानंतर सुरक्षेसाठी शक्ती अभियान आलं, त्याच्या तक्रारपेट्या म्हणजे शक्ती बॉक्स आले. नववीतल्या मुलीला ती पेटी आधार देऊ शकते, कारण तिला चिठ्ठी लिहिता येते. सहा वर्षांचं पोर चिठ्ठी लिहीत नाही. ते 'पोट दुखतंय' म्हणतं.

बदलापूर आठवा. ऑगस्ट 2024, शाळेतल्या दोन चिमुकल्या, वय चारच्या आसपास. एकीने घरी सांगितलं, शू करताना दुखतंय. दुसरी शाळेत जायला घाबरायला लागली. एवढीच त्यांची तक्रार. घरच्यांनी ती ऐकली, डॉक्टरांना दाखवलं, म्हणून अत्याचार उघडकीला आला. मग गुन्हा नोंदवायला त्याच पालकांना पोलीस ठाण्यात तासन् तास ताटकळावं लागलं. 20 ऑगस्टला लोक रेल्वे रुळांवर उतरले आणि दुसऱ्याच दिवशी शासन निर्णय निघाला: सीसीटीव्ही, कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी, मुलांच्या सुरक्षेसाठी शाळेत सखी सावित्री समिती आणि पुन्हा पेटी. ही समिती नेमायचा आदेश मार्च 2022 पासूनच होता. अडीच वर्षं तो पाळला गेला की नाही, हे विचारायला लोकांना रुळांवर उतरावं लागलं, याचा मला आजही संताप येतो.

पडताळणी हवीच. बदलापूरचा आरोपी शाळेत सफाईला ठेवलेला होता. पोरांना शौचालयात कोण नेतं, व्हॅनमध्ये शेवटचं पोर उतरेपर्यंत गाडीत दुसरं कोण असतं, हे मुख्याध्यापकांना नावानिशी सांगता आलं पाहिजे. पण कॅमेरा शौचालयात लावता येत नाही आणि व्हॅन तर फाटकाबाहेरच असते. तिथलं कळतं ते पोराच्या तोंडूनच.

मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा 2012 चा पॉक्सो कायदा हे जाणतो. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला हव्या त्या जागी घ्यायचा, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, आणि अंगावर पोलिसी गणवेश नको. कायदा पोराशेजारी मांडी घालून बसतो! शंका आली तरी पोलिसांना कळवणं त्याने बंधनकारक केलंय. 'शाळेचं नाव जाईल' ही सबब तिथे चालत नाही. हाताखालच्या माणसाचा गुन्हा संस्थाप्रमुखाने कळवला नाही, तर एक वर्षापर्यंत कैद आहे.

घरात मात्र आपण काय करतो? आईची एमआयडीसीतली पाळी, बापाला पहाटेच बाजार गाठायचा. अशात पोर सकाळी दप्तराला हात लावत नाही. 'नाटकं करू नकोस', आपण म्हणतो आणि हाताला धरून फाटकात सोडून येतो. वर्गात बाईंपुढे चाळीस तोंडं आणि टेबलावर भरायच्या माहितीचा ढीग. परिपाठानंतरची दहा मिनिटं त्या कागदांतून सोडवून बाईंना द्या, नुसतं ऐकायला. खिचडी शिजवणाऱ्या ताईंनाही प्रशिक्षणाला बसवा. कोणतं पोर जेवेनासं झालंय, ते त्यांना सगळ्यांच्या आधी दिसतं.

आणि उद्या सकाळी पोट दुखतंय असं पोर म्हणालं, तर दप्तर खाली ठेवून विचारा, शाळेत तुला कोण आवडत नाही? उत्तर यायला वेळ लागेल. थांबा.

एक काम शाळेनेही करावं. चाइल्ड हेल्पलाइनचा 1098 वर्गाच्या भिंतीवर जमिनीपासून तीन फुटांवर, हातभर मोठ्या आकड्यांत रंगवावा. जोडाक्षरं यायची आहेत, पण हे चार आकडे पहिलीतल्या पोराला वाचता येतात.