पडद्याचा आस

मिरकरवाड्याच्या जेटीवर मासा घेताना आमची ही आधी भाव विचारत नाही. आधी कल्ला उचलते. आत लाल दिसलं तर पुढचं बोलणं, नाहीतर पुढची टोपली. लॅपटॉपला कल्ला नसतो, हीच माझी पंचाईत झाली.

मी बोटींचे हिशेब लिहितो. डिझेल, बर्फ, रेशन, जाळ्यांची दुरुस्ती, लिलावाचे पैसे, खलाशांचे वाटे असे रकाने एकामागे एक उभे असतात. माझ्या जुन्या १५.६ इंची लॅपटॉपचं रेझोल्युशन १३६६ गुणिले ७६८. त्यावर शेवटचे दोन रकाने कायम पडद्याबाहेर, आणि त्यातला शेवटचा ‘शिल्लक’. सगळं एकदम दिसावं म्हणून एक्सेल बारीक केलं की ‘बर्फ’चा रफार वितळायचा आणि इंग्रजीतले तीन-आठ जुळे भाऊ व्हायचे. मे महिन्यात एका बोटीच्या नावावर मी ३०० लिटरच्या जागी ८०० लिटर डिझेल लिहिलं. मालक म्हणाला, “भाऊ, एवढ्या डिझेलात मी ओमानला जाऊन आलो असतो.”

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. ६१ दिवस बोटी बंदरात आणि माझी बोटं खिशात. तेवढ्यात मोठा, १७.३ इंची लॅपटॉप घ्यायचं ठरवलं. हे १७.३ इंच म्हणजे लांबी नव्हे, रुंदीही नव्हे, तर कर्ण! टेप लावला तर पडदा जेमतेम ३८ सेंटिमीटर रुंद आणि साडेएकवीस उंच. आमच्याकडे सुरमईसुद्धा कुणी तिरकी मोजत नाही.

पुण्याच्या भाच्याला फोन केला. तो म्हणाला, “मामा, फोर-के घ्या. डोळे झाकून.”

“अरे, पण मला उघडे ठेवून वाचायचंय!”

दुकानात एकाच मापाचे दोन लॅपटॉप शेजारी ठेवले होते. एकाचं रेझोल्युशन १९२० गुणिले १०८०, म्हणजे सुमारे वीस लाख ठिपके. दुसरा फोर-के, ३८४० गुणिले २१६०. त्यात ठिपके बरोबर चौपट, आणि पडदा तेवढाच. पोऱ्याने फोर-केवर पोपटाचा व्हिडिओ लावला. पीस न् पीस सुटं दिसत होतं. पण मला पोपटाचा हिशेब लिहायचा नव्हता. मी खिशातून पेनड्राइव्ह काढला आणि आमच्या बोटीचा हिशेब उघडायला लावला.

अख्खा हिशेब पडद्यावर मावला, शिल्लकेसकट! पण अक्षरं म्हणजे सुकत घातलेला जवळा. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, नाक पडद्यावर. पोऱ्या म्हणाला, “काका, रेझोल्युशन उतरवू?” त्याने २५६० गुणिले १४४० केलं. अक्षरं मोठी झाली, पण वर धुकं पसरलं. कारण साधं आहे. पडद्यावरचे ठिपके कायमचे रोवलेले असतात. आता एकेका ठिपक्याच्या वाट्याला दीड-दीड ठिपका आला. अर्धा ठिपका उजळणार कसा? तो शेजाऱ्याला थोडा थोडा फासला जातो.

“मग स्केलिंग वाढवू,” तो म्हणाला. रेझोल्युशन पुन्हा पूर्ण केलं आणि अक्षरं फुगवली. अडीचशे टक्क्यांवर ती माझ्या जुन्या लॅपटॉपएवढी झाली. सुबक, गुळगुळीत, खोटं का बोलू? पण रकाने किती मावले? शेजारचा स्वस्तातला लॅपटॉप सव्वाशे टक्क्यांवर ठेवला, त्यावर मावले तेवढेच. एकही जास्त नाही. मी “सांगतो” म्हणून बाहेर पडलो. पोऱ्याने पुन्हा पोपट लावला.

घरी येताना जेटीवर एक ओळखीचा तांडेल जाळं विणत बसला होता. त्याला सगळी कर्मकथा ऐकवली. त्याने हातातल्या जाळ्याचा आस, म्हणजे जाळ्याचं एक भोक, बोटांनी ताणून दाखवला. ट्रॉलच्या जाळ्याला शेवटच्या पिशवीत ४० मिलिमीटरचा चौकोनी आस ठेवावा, असा नियम आहे. शंकरपाळ्यासारखा आस ओढ बसली की मिटतो. चौकोनी उघडा राहतो आणि पिल्लं निसटतात.

“बारीक आसात सगळंच येतं, भाऊ,” तो म्हणाला. “मग निवडत बसायचं. मासा कुठला हवा ते आधी ठरव.” त्याच्या फिश फाइंडरचा पडदा सात इंचांचा. त्यावर तो अख्ख्या समुद्राचा तळ वाचतो.

आस चाळीसचा आणि मला लागलेली चाळिशी, यांचा योग असा जुळून आला. मला पोपटाची पिसं नको होती. तीन आणि आठ वेगळे दिसले म्हणजे पुरे. फोटो निवडणाऱ्याने, नकाशे काढणाऱ्याने किंवा विशीतल्या डोळ्यांनी खुशाल फोर-के घ्यावा. पण जास्तीचे ठिपके जागवायला बॅटरीही जास्त लागते, आणि आमच्याकडे पावसात वीज भरतीला येते, ओहोटीला जाते. मी १९२० गुणिले १०८० घेतला.

लॅपटॉप घ्यायला जाल तेव्हा दुकानदाराचा पोपट बघू नका. आपलं रोजचं काम पेनड्राइव्हवर न्या, आपला चष्मा लावा आणि रोज बसता तेवढ्या अंतरावर बसून वाचा. पडद्याचा कल्ला उचलायचा तो असा.

ऑगस्टमध्ये पहिल्या फेरीचा हिशेब लिहिला. डिझेल ३०० लिटर, चष्मा काढून बघितलं तरी तीनशेच. शेवटचे दोन रकानेही पडद्यावर आले. मालक माझ्या खांद्यावरून वाकला, शिल्लकेवर नजर गेली आणि म्हणाला, “भाऊ, जुना लॅपटॉप विकला तर नाहीस ना?”