तांबशाचा भाव लपवणाऱ्या शेटास

शेट,

तुमचं मेनूकार्ड मी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं आहे. मोहितोची किंमत त्यात आहे. हमसची आहे, पिझ्झावर जादा चीज घातलं तर त्याचीही वेगळी आहे. पाण्याच्या बाटलीची किंमत बाटलीवर छापलेल्या आकड्याच्या बरीच वर आहे, पण ती लिहिलेली आहे. हॉटेलात बसवून पाणी देताना छापील किमतीहून जास्त घेता येतं, असं सर्वोच्च न्यायालयाने 2017 च्या डिसेंबरात सांगून ठेवलं आहे. तेव्हा पाण्यावरून मी भांडत नाही. मोरजीचा किनारा म्हणून हे सगळं रशियन लिपीतही पुन्हा छापून घेतलंत. एवढी मेहनत घेणाऱ्या तुम्ही तांबसो, चणक, इसवण आणि मोठी सुंगटं या मासळीपुढे मात्र आकडा घातलेला नाही. तिथे नुसतं ‘ए. पी. एस.’ लिहिलंय. म्हणजे साइझप्रमाणे.

साइझ कोण ठरवणार, तर तुम्ही. वजन कुठे होणार, तर तुमच्या स्वयंपाकघरात, दाराआड. दर कधी कळणार, तर मासा पोटात गेल्यावर.

गेल्या डिसेंबरात कोल्हापूरहून माझा भाचा आला होता, बायको आणि दोन मुलांना घेऊन. एका संध्याकाळी आम्ही तुमच्यासारख्याच एका शेटाच्या रेस्टॉरंटात बसलो. वेटरने बर्फावर मांडलेल्या मासळीचा ट्रे आणला आणि एका तांबशाच्या गालफडाला बोट लावून ‘आजचाच आहे’ म्हणाला. मी वजन विचारलं. ‘मीडियम आहे, मॅडम.’ भाव विचारला. ‘किचनमध्ये वजन करून सांगतो.’ तो गेला तो तळलेला तांबसो घेऊनच आला. बिलात त्या एका माशापुढे तीन हजारांच्या वरचा आकडा होता. भाच्याने मान खाली घालून पैसे दिले. बायको-मुलांसमोर, त्यातून मावशीसमोर, कोल्हापूरचा मुलगा माशाचा भाव करत बसणार नाही, हे त्या वेटरला पक्कं ठाऊक होतं. तुमच्याकडे सगळ्यात महाग विकली जाते ती गिऱ्हाइकाची भीड. तिची किंमत तर कुठल्याच कार्डावर नसते.

आणि ज्यांच्याकडे तीन हजार नसतात त्यांचं काय होतं, तेही मी पाहिलं आहे. सोलापूर-लातूरकडून रात्रभर गाडी चालवून आलेली कुटुंबं समुद्रापासून वीस पावलांवर बसून व्हेज फ्राइड राइस आणि गोबी मांचुरियन खातात. आवड म्हणून नव्हे. किंमत वाचता येईल असं त्या कार्डावर तेवढंच असतं, म्हणून. समोर लाटा फुटतायत, शेजारच्या टेबलावरून तळलेल्या रव्याचा वास येतोय आणि बाप मुलाला सांगतोय, मासे आपण घरी गेल्यावर खाऊ. हे तुमच्या दाराशी रोज घडतं.

आता मी राहते तिथलं सांगते. माझं माहेर पेडण्याचं, सासर डिचोलीचं. मोरजीहून म्हापशामार्गे डिचोली तीस-पस्तीस किलोमीटर. आमच्या तालुक्याला समुद्र नाही. शापोऱ्याला किंवा मालीमच्या जेटीवर उतरलेली मासळी म्हापशाच्या बाजारातून, टेम्पोतून, स्कूटरवरच्या पेटीतून आमच्यापर्यंत येते. वाटेत तिला बर्फ लागतो, पेट्रोल लागतं, दोन-तीन हात लागतात. तरीही डिचोलीच्या बाजारातल्या किंवा सांखळीच्या रस्त्यावरच्या साध्या खानावळीत दीडशे-दोनशेच्या आसपास मासळीची पोटभर राइस प्लेट मिळते. समुद्रापासून दूर गेलं की मासा स्वस्त होतो, हे गणित मला फार दिवस सुटत नव्हतं. सुटलं तेव्हा त्यात मासा कुठेच नव्हता. आमच्या खानावळवाल्याचं गिऱ्हाईक उद्या परत येणार असतं. कोर्टातला कारकून, बँकेतली मुलगी, शाळेचे मास्तर, ट्रकचा ड्रायव्हर यांना एकदा फसवलं की दुसऱ्या दिवशी दुपारी बाकं रिकामी राहतात. तुमचं गिऱ्हाईक चार दिवसांनी मोपाच्या विमानतळावरून उडून जातं. ते परत येणार नाही असं गृहीत धरूनच तुम्ही बिल फाडता. मग पुढच्या वर्षी ते खरंच येत नाही.

ती राइस प्लेट स्वस्त का पडते, हे तुम्हाला माहीत असणारच. तुमच्या आईने आयुष्यभर तेच रांधलं असेल. उकड्या तांदळाचं शीत, नारळ आणि मिरची वाटून केलेलं हुमण, त्यात तिरफळं किंवा आंबाडे. सोबत एक भाजी, कधी तिसऱ्यांचं सुकं, कधी सुक्या सुंगटांचं किसमूर, वाटीभर सोलकढी, आणि तळलेला एक बांगडा किंवा दोन तारले. स्वस्त मासळी कढीत जाते, महाग मासळी वेगळी तळून मिळते, आणि त्या वेगळ्या फ्रायचा दर दाराजवळच्या पाटीवर खडूने लिहिलेला असतो. सकाळी बाजारात भाव चढला तर पाटीवरचा आकडा पुसून नवा लिहितात. एवढंच तर करायचं असतं, शेट. खडू आणि ओलं फडकं.

तुम्ही म्हणाल, मासळीचा भाव रोज बदलतो, छापील कार्डावर कसा घालणार? शिरगावच्या लइराई देवीच्या जत्रेत या. खाज्याच्या दुकानात कार्ड नसतं, पाटीही नसते. पण खाजें तोललं जातं ते गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर, आणि किलोचा दर तराजूत हात घालण्याआधी सांगितला जातो. हजारोंच्या गर्दीत, रात्री जागून, पेट्रोमॅक्सच्या उजेडात जे पिढ्यान्‌पिढ्या जमत आलं, ते तुमच्या एसी काउंटरवर का जमू नये?

तुमचा खर्च मला कळत नाही असं नाही. किनाऱ्यावरची भाडी आकाशाला भिडली आहेत. मोसम म्हणजे ऑक्टोबर ते मे, बाकीचे महिने गिऱ्हाइकाची वाट बघत बसायचं. नारळ महागला, गॅस महागला, कामगार ओडिशा-नेपाळहून आणायचे, त्यांना राहायला जागा द्यायची. टेबलं भरून देणाऱ्या टॅक्सीवाल्याच्या हातावर काही ठेवावं लागतं तेही ठाऊक आहे. म्हणून तुमचा तांबसो आमच्या तांबशाच्या दुप्पट भावाने विका. तिप्पट लावा. समुद्राची हवा आणि मऊ गादीची खुर्ची यांचे पैसे घ्या. पण तो आकडा लिहा. महाग असण्याबद्दल मी तुम्हाला दोष देत नाही, लपवण्याबद्दल देते.

या धंद्याचं काय चुकतंय यावर गोव्यात बरीच चर्चा झाली. 2025 च्या फेब्रुवारीत कळंगुटचे आमदार मायकल लोबो म्हणाले की किनाऱ्यावरच्या शॅकमध्ये इडली-सांबार विकलं जातं म्हणून परदेशी पर्यटक घटले. मला ते पटलं नाही. इडली विकणाऱ्याने इडलीची किंमत लिहिलेली असते. म्हापशाच्या स्टँडजवळ इडली खाऊन कुणी फसवणुकीची तक्रार करत घरी गेलेलं मी ऐकलेलं नाही. सरकारने 2023 ते 2026 साठी शॅक धोरण केलं, त्यात शॅकवर गोव्याचं जेवण, फिश करी-राइस, ठेवायलाच हवं असं घातलं. उत्तम केलं. पण करी-राइस ठेवणं आणि साध्या माणसाला परवडेल अशा लिहिलेल्या दरात ठेवणं यांत फरक आहे. कुणी उलटून पाहणार नाही अशा मागल्या पानावर, पिझ्झाच्या भावात एक करी-राइस टाकून धोरण पाळलं म्हणता येतं. तसं पाळणारे मी आश्वे-मांद्रेच्या किनाऱ्यावर पाहिले आहेत.

तुमच्या ‘फिश अँड चिप्स’मधला मासा कुठला, हेही विचारायचं आहे. अनेक ठिकाणी तो बासा असतो. गोड्या पाण्यात शेती करून वाढवलेला, गोठवून खोक्यात आलेला, काट्याविना, वासाविना. तुमचं रेस्टॉरंट जिथे उभं आहे त्या वाळूवर अजूनही पहाटे रांपणीचं जाळं ओढलं जातं. केरीत, मोरजीत गावची माणसं दोर खेचतात. पेडवे, तारले, कधी बांगड्यांचा थवा सापडतो. त्यातलं टोपलंभर विकत घेऊन मीठ-मसाला लावून तळलंत, तर बासाच्या निम्म्या भावात ताजं खाऊ घालता येईल, आणि रांपणकाराच्या घरात चार पैसे जातील. ती मासळी काट्याची आहे म्हणून पर्यटक खात नाहीत, असं तुम्ही सांगता. कधी वाढून पाहिलीत का?

पावसातल्या दोन महिन्यांत तर तुमची लबाडी उघडीच पडते. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना समुद्रात जायला बंदी असते, मासळीच्या विणीचा काळ म्हणून. त्या दिवसांत आमच्या खानावळवाल्याच्या पाटीवर ‘फिश थाळी’ पुसून ‘सुक्या बांगड्याची कढी’, ‘खुबे’, ‘अळसांद्याचं तोंडाक’ असं लिहिलेलं असतं. जे आहे ते आहे, नाही ते नाही. तुमच्या कार्डावर भर जुलैतही ‘आजचा ताजा मासा’ तसाच असतो, साइझप्रमाणे. 2018 च्या जुलैत मडगावच्या घाऊक बाजारात मासळीत फॉर्मेलिन असल्याच्या बातमीने सगळा गोवा हादरला, घराघरांत मासे आणणं थांबलं. तेव्हापासून मासा कुठून आला हे विचारणं प्रत्येक खाणाऱ्याचा हक्कच झाला आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तर तो लिहूनच ठेवलाय: मालाचा दर्जा, प्रमाण आणि किंमत यांची माहिती मिळण्याचा हक्क.

बिलाच्या तळाशी तुम्ही सर्व्हिस चार्जही लावता. 2022 च्या जुलैत केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने तो आपोआप बिलात घालू नये असं बजावलं. रेस्टॉरंटवाल्यांच्या संघटना कोर्टात गेल्या आणि 28 मार्च 2025 रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने प्राधिकरणाचंच म्हणणं उचलून धरलं. गिऱ्हाइकाने खुशीने दिला तर तो वेटरचा. तुम्ही छापून घेतला तर तो वेटरपर्यंत पोचतो की नाही, ते तुमच्याच वेटरला विचारा.

भाव लिहून धंदा कसा चालतो ते बघायचं असेल तर आमच्याच भाषेचं, आमच्याच चवीचं मालवण तुमच्या उत्तरेला आहे. पेडणे 1788 पर्यंत सावंतवाडीच्या भोसल्यांकडे होतं. पोर्तुगीज आले ते त्यानंतर. तेरेखोल नदीच्या अलीकडची आणि पलीकडची कढी आजही सख्ख्या बहिणींसारखी लागते. तिथे मालवणात, तारकर्लीत, वेंगुर्ल्यात घरगुती खानावळीबाहेर पाटी असते: बांगडा थाळी इतके, सुरमई थाळी इतके, पापलेट थाळी इतके. भाव चढला की तिथेही वाढतो, आणि लोक कुरकुरतात, पण बसण्याआधी कुरकुरतात. कोल्हापूर, पुण्याची गाडी आता आरोंद्याच्या पुलाआधीच थांबायला लागली आहे. तुमच्या दारातून वळलेलं गिऱ्हाईक कुठे गेलं हे शोधत असाल तर ते तिथे जेवतंय.

मी माझ्या पाहुण्यांना काय सांगते ते तुम्हालाही कळलेलं बरं. सांगते की समुद्रात पोहा आणि जेवायला गावात या. किनाऱ्यापासून किलोमीटर-दोन किलोमीटर आत मांद्रेच्या बाजारात, पार्सेत, चोपड्याच्या रस्त्याला, पेडण्याला भगवतीच्या देवळाजवळच्या बाजारात. साडेबारा ते दीडच्या मध्ये पोचा. अडीचला कढी संपलेली असते आणि ती संपणं हीच तिच्या ताजेपणाची खूण. सोमवारी, गुरुवारी बरीच घरं शिवराक, म्हणजे शाकाहारी असतात, त्या दिवशी बाजारात मासळी जरा सैल भावाने मिळते. सकाळी पोदेराचे गरम उंडे आणि भाजी, संध्याकाळी गाड्यावर रस-ऑम्लेट. दोन्हींचे पैसे मिळून तुमच्या एका मोहितोत भागतात. मयेच्या तळ्यावर किंवा हरवळ्याच्या धबधब्याला गेलात तर परत किनाऱ्याकडे धावू नका, डिचोलीत जेवा. 2012 ला आणि पुन्हा 2018 च्या मार्चला गोव्यातल्या खनिजाच्या खाणी थांबल्या, तेव्हा या पट्ट्यातल्या कित्येक गाड्यांचं, खानावळींचं कंबरडं मोडलं. जे टिकले ते गिऱ्हाइकाचा खिसा ओळखून टिकले. चार पर्यटक तिथे बसले तर त्यांचा दिवस बरा जातो.

आणि किनाऱ्यावरच बसायचं असेल, तर हेही सांगते: मासा मागवण्याआधी वजनकाटा टेबलाजवळ आणायला सांगा, किलोचा दर कागदावर लिहून घ्या, तळणावळ त्यात धरली आहे का ते विचारा. वेटरने ‘किचनमध्ये सांगतो’ म्हटलं की पाणी यायच्या आत उठा, मुलाबाळांसकट. बिल आल्यावर फसवणूक कळली तर 1915 हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे, तिथेच बसून लावा.

1 ऑक्टोबरला मोसम सुरू होईल. त्याआधी तुमच्या दाराबाहेर हातभर काळी पाटी लागू द्या, आणि तिच्यावर रोज सकाळी तीन ओळी: तांबसो किलोला किती, इसवणाचा तुकडा किती, करी-राइस किती. पहिल्या आठवड्यात मी स्वतः भाच्याला घेऊन बघायला येणार आहे. पाटी असेल तर आम्ही बसू आणि पाटीवर असेल तेवढे पैसे मोजू.

डिचोलीची एक गिऱ्हाईक