स्टेपनी ठेव, तू उतर

जगभरातून माणसं इगतपुरीला येतात, धम्मगिरीवर दहा दिवसांच्या विपश्यना शिबिरात तोंडातून चकार शब्द काढत नाहीत. त्याच गावात मी माझ्या अल्टोला नवा सायलेन्सर बसवून घेतला. रोज सकाळी पावणेसातला मी कामाला निघालो हे अख्ख्या आळीला कळू लागलं. शेजारच्या काकूंनी काळजीने विचारलं, "गाडीचं काही फाटलंय का रे?" म्हटलं, "काकू, स्पोर्ट्स एक्झॉस्ट आहे." त्या म्हणाल्या, "होईल बरं."

या सगळ्याला कारण एक पिकअप. मुंबईला टोमॅटो टाकून रिकामे क्रेट घेऊन परतणारा. त्याने कसारा घाटात, भर चढावर, मला मागे टाकलं. त्याच्या पाठीवर 'आईचा आशीर्वाद' लिहिलेलं होतं. माझ्या काचेवर फक्त जुना फास्टॅग.

अल्टोचं इंजिन ७९६ सीसीचं, ताकद जेमतेम ४८ घोड्यांची. त्यात इगतपुरी समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर. हवा विरळ, म्हणजे त्यातले तीनेक घोडे घाटमाथ्यावर पोचेपर्यंत पळून गेलेले. एअर फिल्टर आणि सायलेन्सर मिळून फार तर दोन परत येतात. इथल्या हवेने फुकट नेलेलं मी पंधरा हजार मोजून अर्धंमुर्धं सोडवून आणलं, इतकाच त्याचा अर्थ. मिस्त्रीने रिमॅपचंही, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदलण्याचंही, सुचवलं होतं. पण टर्बो असलेल्या इंजिनात हवा जास्त दाबता येते म्हणून तिथे त्याचा गुण दिसतो. अल्टो बापडी स्वतःच्या दमाने ओढेल तेवढीच हवा घेणार. मग मी रुंद टायर घातले. ते मडगार्डला घासू लागले. शेवटी वजन कमी करायचं ठरवून स्टेपनी काढायला घेतली. माझं वजन ९४ किलो. बायको दारातून म्हणाली, "स्टेपनी ठेव, तू उतर."

घाटाच्या पायथ्यापासून घाटनदेवीपर्यंत घड्याळ लावलं. अकरा सेकंद वाचले. त्यातले दहा पुढे ट्रक नसल्याचे.

हे मी नानांना सांगायला नको होतं. नाना म्हणजे माझे वडील. ते रेल्वेत ड्रायव्हर होते, आणि तेही बँकरवर. बँकर म्हणजे काय ते इथे सांगणं भाग आहे. विषय गाडीचा असला तरी माझा जीव तिकडेच ओढतो. कसाऱ्याहून इगतपुरीला चढणारा लोहमार्ग १८६५ सालचा. चढ सदतीसास एक, म्हणजे सदतीस मीटर पुढे जावं तेव्हा एक मीटर वर. पुढच्या एकट्या इंजिनाला तो झेपत नाही. म्हणून कसाऱ्याला गाडीच्या शेपटीला इंजिनं लावतात आणि ती मागून ढकलत वर आणतात. इगतपुरीला ती सुटतात, गाडी पुढे निघून जाते. नाना लागले तेव्हा १९२८ च्या बनावटीची इंजिनं अजून होती. उभी असताना कण्हायची, चालताना त्यांचे दांडे वेडेवाकडे हलायचे, म्हणून त्यांना 'खेकडा' म्हणत. नाना त्यांच्याविषयी मेलेल्या बैलाविषयी बोलावं तसे बोलतात.

आणि ज्या घाटाला लोक दारात उभं राहून डोळे भरून बघतात, उंटदरी आली की पोरांना उठवतात, त्या घाटात नानांना चढताना समोर काय दिसायचं? शेवटच्या डब्याची पाठ. तीस वर्षं. फार तर गार्डचा हात. वर पोचल्यावर लोक वडे घ्यायला उतरायचे, आणि आपल्याला कोणी ढकलून आणलं याची त्यांना गंधवार्ता नसायची. लहानपणी मला याची लाज वाटायची. मित्राचे वडील पुढच्या इंजिनात असत. हे मी नानांना कधीच सांगितलं नाही. बहुधा त्यांना माहीत असावं.

तर नाना शेजारी बसले. दुसऱ्याच वळणावर म्हणाले, "अरे, वळणात शिरून ब्रेक मारतोस, मग बाहेर पडताना दुसरा गिअर शोधतोस. तोवर दम गेलेला असतो. चढ अंगावर येण्याआधी गिअर टाक. वळण आधी डोळ्यांनी काढ. आणि उतरताना ज्या गिअरने चढलास त्यानेच उतर, ब्रेकवर बसू नकोस." एवढंच. बत्तीस सेकंद वाचले, तेही फुकट. मी म्हटलं, "नाना, तुम्ही कधी कार चालवली नाहीत." ते म्हणाले, "वजन सगळीकडे सारखंच असतं."

सायलेन्सर माळ्यावर गेला. दुसऱ्या दिवशी काकूंनी विचारलं, "बरा झाला ना?"

जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला. डोंगराच्या पोटातून जवळजवळ आठ किलोमीटरचा बोगदा आहे. नानांना फिरवायला नेलं. पाच मिनिटांत पलीकडे निघालो. गिअर बदलावा लागला नाही, कान तेवढे दडले.

"घाट कुठंय?" नानांनी विचारलं.

"झाला, नाना."

ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग सीटबेल्ट ताणून, मान वळवून, मागच्या काचेतून बराच वेळ बघत राहिले.