चोविसावे

आमच्या सोसायटीच्या नोंदवहीत त्यांचं आडनाव वेगळंच आहे, पण त्या नावाने हाक मारली तर ते स्वतःसुद्धा वळून बघत नाहीत. सगळ्यांसाठी ते चोविसावे. कारण समोर काहीही आलं की ते मनातल्या मनात त्याला चोविसाने भागून टाकतात. पहिल्या भेटीत मला नखशिखांत न्याहाळून म्हणाले, "पाच फूट आठ इंच ना? म्हणजे सात सेंटिमीटर दोन मिलिमीटर. केबिनमध्ये बसाल, पण मान जरा वाकवावी लागेल." गृहस्थ शिंपी असावेत असं मला वाटलं. किंवा त्याहून अशुभ धंद्यातले.

चोविसावे मॉडेलं बांधतात. लोक बंगला बांधतात तशी. प्लास्टिकचे ट्रक आणि रेसच्या गाड्या, प्रमाण १/२४. खऱ्या गाडीचा एक फूट म्हणजे यांचा अर्धा इंच. "खेळणी छान आहेत हो," असं म्हणालेल्या एका पाहुण्याला त्या घरात दुसऱ्यांदा चहा मिळालेला नाही. २०२०च्या अर्थसंकल्पात खेळण्यांवरचं आयात शुल्क २० टक्क्यांवरून ६० टक्के झालं, २०२३मध्ये ७०. चोविसाव्यांना टक्क्यांचं दुःख नव्हतं. जपानहून आलेल्या त्यांच्या खोक्याच्या कागदांवर 'खेळणी' असं लिहिलं होतं, ते त्यांना लागलं. दोन दिवस जेवले नाहीत, असं वहिनी सांगतात. वहिनींना तो काळ सुखाचा गेला असावा.

या धर्मात पंथही आहेत. जपानी कंपन्यांची गाडी १/२४, जुन्या अमेरिकन कंपन्यांची १/२५. चोवीस फुटी ट्रक घेतला तर मॉडेलमध्ये फरक पडतो जेमतेम अर्ध्या इंचाचा. पण स्मार्त आणि भागवत एकादशीतही फरक एका दिवसाचाच असतो, आणि म्हणून काही कोणी भागवत आदल्या दिवशी उपास करत नाही. मुंबईच्या एका मित्राने पंचवीसच्या ट्रकला चोवीसची चाकं लावली, तेव्हापासून चोविसावे त्याच्याबद्दल बोलताना आवाज खाली आणतात. घरातून पळून गेलेल्या मुलीबद्दल बोलावं तसा.

त्यांची खोली म्हणजे पूर्वीची लेकीची खोली. लेक सासरी गेली आणि तिसऱ्या दिवशी तिथे कंप्रेसर आला. टेबलावर दंतवैद्याने टाकून दिलेल्या आकड्या, इंजेक्शनच्या सुया, गिटारच्या तारा, कोल्ड्रिंकच्या डब्याचा कापलेला पत्रा. यातलं काय कशाचं होईल ते विचारू नये, कारण ते सांगतात. गाडीला चकाकी आणायला टूथपेस्ट, डिकल म्हणजे गाडीवर चिकटवायचं चित्र, त्याखालची हवा काढायला दाताच्या कोरण्या. रंगाचा थर तर इतका पातळ हवा की बघायलाच नको. "अहो, आपल्या ब्रशचा थर मिलिमीटरचा दहावा भाग धरला, तर खऱ्या ट्रकवर तो जवळजवळ अडीच मिलिमीटर होतो. ट्रकला काय पुरणाचं सारण लावायचंय?"

इतका जिवापाड चकचकीत केलेला ट्रक ते पुढच्या आठवड्यात गंजवायला घेतात. आधी तांबूस रंग मारायचा, त्यावर ओलं करून मीठ भुरभुरायचं, मग वरून खरा रंग, आणि सुकल्यावर मीठ खरवडायचं. पोपडे उडाल्यासारखे हुबेहूब दिसतात. मिठाऐवजी हेअरस्प्रेही चालतो. वहिनींच्या भाच्याच्या लग्नात ऐन वेळी त्यांची बाटली रिकामी निघाली, ती अशी. ज्या माणसाच्या गॅलरीची ग्रील सहा वर्षं खऱ्याखुऱ्या गंजाने सडते आहे, तो मिठाचा खडा खडा मोजून गंज का तयार करतो, हे मी एकदा विचारलं. ग्रीलकडे बघून तुच्छतेने म्हणाले, "तो गंज फार मोठा आहे."

चिमट्यातून सुटलेला भाग हा त्यांच्या घरातला रोजचा आकांत. एक बारीक 'टक्' असा आवाज होतो आणि बाजूचा आरसा या जगातून नाहीसा होतो. मग दिवे लागतात, बॅटरी जमिनीला आडवी धरून शोध सुरू होतो, पंखा बंद, हालायचं नाही, श्वाससुद्धा बेताने. केरवाल्या मावशींना सुपलीतला केर परस्पर टाकायला बंदी आहे. तो आधी चाळला जातो. मावशींनी त्याचे महिन्याला दोनशे जास्त लावले आहेत, आणि त्या मोबदल्यात आता त्यांना सायलेन्सर आणि शॉकॅब यांतला फरक कळतो. माझ्या भाचीला कळत नाही. ती मेकॅनिकल इंजिनिअर आहे.

रेसच्या गाड्यांचं प्रकरण निराळं. त्यांच्याकडे सहा चाकांची टिरेल आहे. पुढे चार बुटकी चाकं, मागे दोन थोराड. अशी गाडी खरोखर धावली आणि १९७६ साली स्वीडनची शर्यत जिंकलीसुद्धा. ते खोकं त्यांनी जुन्या बाजारात मिळवलं, पण आतली डिकलं पिवळी पडलेली. यावर उपाय म्हणजे ती खिडकीच्या काचेला चिकटवून उन्हं दाखवायची. मे महिन्यात त्यांच्या गॅलरीत वहिनींचे पोह्याचे पापड आणि यांची डिकलं शेजारी शेजारी वाळत होती. राखण मात्र फक्त डिकलांची झाली.

आणि १९८८ची मॅकलॅरेन. सोळापैकी पंधरा शर्यती जिंकणारी, सेना आणि प्रॉस्ट या ड्रायव्हरांची. त्या गाडीवर सिगारेटचं नाव होतं, पण तंबाखूच्या जाहिरातीवरच्या बंदीमुळे खोक्यात ती अक्षरं मिळत नाहीत, निराळी मागवावी लागतात. चोविसावे सुपारीच्या खांडालाही शिवत नाहीत. हा माणूस बसमध्ये उभा राहून मोबाइलवर ओरडत होता, "मार्लबोरो मिळेल का? जपानी नको, इटालियन हवी! हो, हो, पूर्ण अंगाला लावायची आहे!" त्या बसमध्ये वहिनींचे मोठे बंधू होते. त्यानंतरची कौटुंबिक बैठक मी इथे देत नाही. त्या गाडीचा लाल रंग नक्की लाल की नारिंगी, यावर त्यांच्याकडे सात बाटल्या आहेत आणि एकही गाडी नाही. म्हणजे गाडी आहे, खोक्यात. माळ्यावर अशी साठेक खोकी आहेत. पुऱ्या झालेल्या गाड्या नऊ.

त्याला पावसाळाही कारण आहे म्हणा. दमट हवेत लॅकर मारला की वर दुधाळ साय धरते. म्हणून आषाढी ते कार्तिकी चोविसावे रंगाला हात लावत नाहीत. आमच्या सोसायटीत चातुर्मास पाळणारे ते एकटेच.

या माणसाने तीन वर्षांपूर्वी टाटा १६१३ बांधायला घेतला. जवळच्या माणसांत याला 'सोळा-तेरा' म्हणायचं. सोळा टन भारासह वजन आणि एकशेतीस अश्वशक्ती, नावातच कुंडली. जपानी-इटालियन लोक या ट्रकचं खोकं काढत नाहीत, म्हणून प्लास्टिकचे पातळ पत्रे कापून सगळं हाताने. हौदा, फाळके, स्प्रिंगचे पाटे, ताडपत्रीच्या कड्या. लिंबू-मिरचीसाठी मोहरीचा एक दाणा पिवळा रंगवला. चार सेंटिमीटरचं लिंबू चोविसाने भागलं की मोहरीच येते, आणि हे सांगताना त्यांच्या डोळ्यांत पाणी तरळतं. मागे 'हॉर्न ओके प्लीज'. महाराष्ट्रात ते लिहायला २०१५ साली बंदी आली, हे मी सुचवून पाहिलं. "माझी गाडी चौऱ्याण्णवची आहे," म्हणाले, आणि नंबरप्लेट भिंगाखाली दाखवली.

मागच्या फाळक्याची आतली बाजू तेवढी अडली होती. म्हणून एका रविवारी आम्ही निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरीत गेलो. त्यांच्या मांडीवर केकच्या खोक्यात ट्रक. तिथे एक जुना सोळा-तेरा उभा दिसला आणि चोविसावे थेट पोतं अंथरून त्याच्या खाली शिरले, टेप आणि वही घेऊन. चहा पिणारा ड्रायव्हर धावत आला.

"ओ काका, निघा बाहेर! हप्ता भरलाय आपन या महिन्याचा!"

"हप्त्याचं नाही हो," खालून आवाज आला, "मला तुमचा फाळका आतून बघायचाय."

याने संशय वाढला. शेवटी मीच केकचं खोकं उघडलं. ड्रायव्हर गप्प झाला. त्याने क्लीनरला हाक मारली, दोघं उकिडवे बसले. स्टेपनी बघितली, काचेवरची काळी फुंदी बघितली, मोहरीच्या लिंबाला बोटाने हळूच हलवून बघितलं. चोविसावे नातवाचं बारसं चालू असल्यासारखे उभे होते.

"बेस्ट बनवलाय काका. पण गाडी खाली हाये ना ही?"

"हो, रिकामीच."

"मंग पाटे का बसलेत? खाली गाडीच्या पाट्याला कमान राहती. हे तर धा टन भरल्यावानी दिसतंय."

परतताना चोविसावे एक शब्द बोलले नाहीत. आकुर्डीच्या सिग्नलला शेजारी एक टँकर उभा राहिला, त्यालाही त्यांनी चोविसाने भागलं नाही. मला काळजी वाटली.

तिसऱ्या रात्री साडेअकराला बेल वाजली. दारात चोविसावे, हातात वाडगा.

"पाटे काढायचे तर चासी फोडावी लागेल. ते नाही जमायचं. त्यापेक्षा माल भरतो. दहा टन कांदा. चोवीस गुणिले चोवीस गुणिले चोवीस, १३,८२४. त्याने दहा हजार किलोला भागलं की सातशे तेवीस ग्रॅम. तुमच्याकडे नाचणी आहे का?"

ही म्हणाली, आहे की, आणि डबाच आणून दिला. चोविसाव्यांनी आमच्या जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, मूठभर नाचणी ओतली, खिशातून भिंग आणि मापाची पट्टी काढली. एक दाणा चिमट्यात धरला. दुसरा धरला. मग डब्याचं झाकण लावून तो हिच्या हातात परत दिला.

"का हो, कीड आहे का?" हिने विचारलं.

"कीड नाही वहिनी. दीड मिलिमीटर भरतो दाणा. म्हणजे कांदा छत्तीस मिलिमीटरचा," ते कळवळून म्हणाले. "ही सगळी गोल्टी आहे. लासलगावला हिला कोण भाव देणार?"