पानशेतला सरंजामदार कसे व्हावे : नवशिक्यांसाठी

पुण्यात फ्लॅट झाला, मोठी गाडी झाली, तरी जीव रमत नाही? मग पानशेतकडे वळा. शेजारी भोरला पंतसचिवांचं संस्थान होतं, ते १९४८ साली विलीन झालं. तेव्हापासून जागा रिकामी आहे.

आधी शेतकरी व्हा. महाराष्ट्रात शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते, इतरांना परवानगी लागते. घाबरू नका, गावाकडच्या सातबाऱ्यावर दहा-बारा वारसांत कुठेतरी आपलं नाव सापडतंच. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही. १७८९ पूर्वी फ्रान्समध्ये अशा माफीसाठी उमरावाच्या पोटी जन्म घ्यावा लागे. ‘ताय’ नावाचा कर भरायचा कुणब्याने, मिठावरचा करही त्याच्याच माथी, वर जहागीरदाराचा वाटा आणि चर्चचा दशमांश. आपल्याकडे एका उताऱ्यात भागतं.

एजंट दर दोन वाक्यांना ‘बॅकवॉटर टच’ म्हणेल. तो पाणी दाखवेल, तुम्ही पाणीच बघा. खाली कोणाची भातखाचरं बुडाली हे विचारू नये, व्यवहार लांबतो. धरणात साडेदहा टीएमसी साठतं आणि पुण्याकडे जातं. वरच्या वाड्यांना धरण उशाला आणि कोरड घशाला. पण तुमचा बोअर खोल असणार.

खरेदीखत झालं की तारेचं कुंपण. ते नेमकं पाणंदीवर यावं. वहिवाट अडली म्हणून कोणी तहसीलदाराकडे गेलाच, तर १९०६ चा मामलेदार न्यायालय कायदा आहे. तारखा पडत राहतात. तुम्हाला शनिवार-रविवारच यायचंय. ती वाट रोज लागते त्याला.

ज्याची जमीन घेतली त्यालाच वॉचमन ठेवा. झरा कुठे, करवंदाची जाळी कुठे, सगळं त्याला पाठ. तो ‘साहेब’ म्हणेल, तुम्ही ‘मामा’ म्हणा. मामा पगारवाढ मागताना लाजतो. चुलीवरची नाचणीची भाकरी मामींकडून करून घ्या. पाहुणे व्हिडिओ काढतील. ओल्या लाकडाच्या धुराने मामींचे डोळे गळत असतात, तेव्हा हळूच म्हणावं, “मामी, जरा इकडे बघून हसा ना.”

संकोच नको, ही हौस जुनी आहे. फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत हिने १७८३ मध्ये व्हर्सायच्या बागेत हौसेचं खेडं बांधायला काढलं : तळं, गिरणी, दूधघर. बाहेरून झोपडी, आत राजेशाही थाट. पाच-सहा वर्षांत खऱ्या खेड्यांत पावाचे वांधे झाले.

मग १७८९ च्या उन्हाळ्यात शेतकरी गढ्यांत घुसले, जहागिरीची दप्तरं जाळली, आणि ४ ऑगस्टच्या रात्री उमरावांनी आपले हक्क स्वतःहून सोडले. तुम्हाला ती धास्ती नाही, सातबारा आता ऑनलाइन आहे. कुंपणाला मात्र एक फाटक ठेवा, बिनकुलपाचं. पावसाळ्यात वरच्या वस्तीवरचा आजारी माणूस झोळीत घालून त्याच वाटेने खाली आणावा लागतो.